ग्लोव्हजची एक जोडी जास्त

बाई, तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. सकाळी वॉर्डात जाताना भांडते, दुपारी डबा खाताना भांडते. नर्सिंगच्या शाळेतल्या बाकीच्या ट्यूटर एकमेकींना सांगतात की पुष्पाताईंनी बाईंचं जाणं फार मनाला लावून घेतलं, त्या एकट्याच ओठ हलवत असतात. मनाला लावून घेतलंच आहे. पण ओठ हलतात ते माझी बाजू मांडायला. तुम्ही होतात तोवर माझं एकही म्हणणं तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीत. मी जरा तापले की "आधी चहा पी" म्हणून कप पुढे सरकवायचात. आता चहा नाही, काही नाही. आता ऐका.

तुमच्या भाचीने पेपरात चार ओळी दिल्या होत्या. त्यात तुम्ही 'शांत आणि मृदू स्वभावाच्या' होतात असं छापून आलं. मी ते दोनदा वाचलं, न जाणो कुणी दुसऱ्याच बाई असतील! तुम्ही आणि मृदू? तुमच्या साडीची घडी हात कापेल अशी असायची. आम्ही मुली तुम्हाला पाठीमागे 'कांजी' म्हणायचो, आणि आम्हाला वाटायचं तुम्हाला ते ठाऊक नाही. मग एके दिवशी होस्टेलच्या दारात उभ्या राहून तुम्हीच म्हणालात, "कांजी आली आहे, पलंगावरून उतरा." त्यानंतर महिनाभर आम्ही तुमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

मी उमरेडहून आले तेव्हा सतरा वर्षांची होते. घरात माग, वडील विणकर, आणि नर्सिंगच्या शाळेत जाणारी आमच्या आळीतली मी पहिली. तुम्ही मुलींना त्यांच्या गावाच्या नावानेच हाक मारायचात. पहिल्याच दिवशी म्हणालात, "ए उमरेड, हात दाखव." मला वाटलं नखं बघणार. तुम्ही बोटं दाबून पाहिलीत आणि विचारलंत, "तुटलेला धागा सांधता येतो?" मी म्हटलं, येतो. "मग हात चांगले आहेत. घाई तेवढी उमरेडला परत पाठव." माझ्या हातांना कुणी चांगलं म्हटल्याची ती पहिलीच वेळ, आणि त्याच्याच शेपटीला टोमणा.

दुसऱ्या एक सिस्टर माझ्या बोलण्याला हसायच्या. मी 'मले' म्हटलं की त्या 'मला, मला' करून मला सगळ्यांसमोर घोकायला लावायच्या. एकदा तुम्ही ते ऐकलंत. तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत, मलाच म्हणालात, "उमरेड, कळा देणारी बाई जशी बोलते तसंच तिच्याशी बोलायचं. रजिस्टर मात्र शुद्ध लिहायचं." मी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडले. दुःखाने नाही, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

आणि ते एकशेचाळीस! पोटातल्या बाळाचे ठोके कानाला कर्णा लावून मोजायचे आणि लिहायचे, हे आमचं रोजचं काम. आम्ही मुली कंटाळलो की न मोजताच एकशेचाळीस लिहायचो, कारण तो आकडा कधी चुकत नसे. तुम्ही माझं केसबुक उघडलंत, ओळीने सहा एकशेचाळीस पाहिलेत आणि विचारलंत, "आज सगळ्या नागपूरची बाळं एकाच चालीने चालून राहिली का?" मग त्या बाईच्या उशाशी मला स्टूल दिलंत आणि दर पंधरा मिनिटांनी मोजायला लावलंत, पार दिवेलागणीपर्यंत. ती बाई बिचारी माझी कीव करून म्हणाली, "काय ऐकून राहिली वं एवढं? काही बोलते का थो?" तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "केसबुक ही साक्ष असते. खोटी साक्ष देणाऱ्या मुलीला मी कुणाच्या बाळंतपणाला हात लावू देणार नाही." ते वाक्य मी मनात कोरून ठेवलं. पुढे तेच तुमच्यावर उगारलं.

एकेक मुलीला वीस बाळंतपणं करायची असायची, आणि मग शाळा म्हणणार की ही आता एकटी कामाला लागू शकते. तुमची रीत होती. पहिल्या केसला तुमचे हात माझ्या हातांवर. मग तुम्ही कोपराशी. मग पलंगाच्या पायथ्याशी. दर दोन-चार केसेसना तुम्ही एक पाऊल मागे सरकायचात, आणि विसाव्या केसला थेट खोलीबाहेर. कुणी तक्रार केली तर म्हणायचात, "खेड्यावर तुझ्यासोबत मी येणार आहे का?"

माझी विसावी केस भर दुपारी आली. बाई बुटीबोरीकडची, दुसऱ्या खेपेची, आणि मोठी धीराची. तुम्ही माझ्या टोपीची पिन सरळ केलीत, "मी बाहेर आहे" म्हणालात आणि गेलात. खोलीत मी, ती आणि मागच्या दाराच्या पडद्यापाशी कोपऱ्यात बादली घेऊन आमची आया गिरजाबाई. बाळाचं डोकं आलं. मी मानेभोवती बोट फिरवलं आणि नाळ हाताला लागली. एक वेढा नव्हे, दोन. बोट शिरणार नाही इतके घट्ट. मी ओरडले, "बाई!" कुणी आलं नाही. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा माझाच आवाज मला ओळखू आला नाही. गिरजाबाई खाली फरशीकडे पाहत राहिली.

मग मला कळलं की कुणी येणार नाही. दोन चिमटे लावले, मध्ये कात्री चालवली, वेढे सोडवले. बाळ जांभळं होतं, ढिलं होतं. तोंड साफ केलं, पाठ चोळली, आणि किती वेळाने कोण जाणे, ते रडलं. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसला होतात. "वार पूर्ण आली?" एवढंच विचारलंत. आत जाऊन ती बाळामागून पडलेली वार स्वतः उलटसुलट करून तपासलीत, परत आलात आणि माझ्या केसबुकात देखरेखीच्या रकान्यात तुमची लफ्फेदार सही ठोकलीत.

मी म्हटलं, "तुम्ही तं आत नव्हत्याच. मग ही सही कशाची?"

"सही बरोबर आहे. पान उलट."

"ही खोटी साक्ष आहे, बाई."

तुमचा चेहरा जरासा हलला. मग तुम्ही म्हणालात, "आधी चहा पी."

हे आपलं भांडण. सतरा वर्षं चाललेलं. तुम्ही निवृत्त होऊन जरीपटक्यात कापडाच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेलात, तरी मी त्या अरुंद जिन्याने वर यायची ती ते घेऊनच. तुम्ही कोथिंबिरीची सांभारवडी तळत असायच्या आणि मी पाटावर बसून विचारायची, "ते बाळ गेलं असतं तर?" तुम्ही म्हणायच्या, "गेलं का?" "पण गेलं असतं तर?" "वडी थंड होऊन राहिली." किती वड्या, किती वर्षं! मी मनाशी ठरवून टाकलं होतं की माझ्या बाई लाखात एक आहेत, पण एक दिवस त्यांनी माझी परीक्षा घेण्यासाठी एका बाईचं लेकरू पणाला लावलं, आणि वर खोटी सही केली. तुमच्या पाया पडायची तेव्हाही ते मनात असायचं. पाया पडणंही खरं असायचं.

एक मात्र मी तेव्हाही मान्य करायची, तुमच्यासमोर नाही, मनात. भिवापूरच्या पलीकडच्या उपकेंद्रावर मी नऊ वर्षं एकटी होते. डॉक्टर तालुक्याला, रस्ता नावापुरता. तिथे एकाही अडलेल्या बाईपाशी मी ओरडले नाही, कारण ओरडून कुणी येत नाही हे मी त्या दुपारीच शिकून गेले होते. हात आपोआप कामाला लागायचे. त्या गावांमधल्या किती पोरांनी मला पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांच्यामागे तुम्ही होतात. हे बोलायचं राहून गेलं. मला वाटायचं, हे कबूल केलं तर भांडण हरले.

मग मी आपल्याच शाळेत ट्यूटर होऊन आले. पेढे घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही सगळं सोडून एकच विचारलंत, "मुलींच्या शेवटच्या केसला तू कुठं असशील?" मी ऐटीत म्हटलं, "तुमच्यासारखीच. बाहेर." तुमचा चेहरा असा उजळला! बशीत आणखी दोन वड्या टाकल्यात आणि म्हणालात, "मग मला तुझी काळजी नाही." बाई, त्या क्षणी आपण दोघी किती खूश होतो आणि दोघींनाही काही कळलेलं नव्हतं.

तुमच्या तेराव्याला गिरजाबाई आली होती. आता तिला जिना चढवत नाही, म्हणून खालच्याच पायरीवर बसली. मी तिला पान नेऊन दिलं आणि सवयीने तुमचीच गोष्ट काढली. म्हटलं, "गिरजाबाई, तुम्हाले आठवते ना, मी किती वरडली होती? बाई आल्याच नाही."

ती घास हातात धरून म्हणाली, "येतीन कुठून वं? थ्या तं आतच होत्या."

मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी चुकतंय.

"परद्यामांगं उभ्या राहाच्या. हरेक पोरीच्या आखरी केसले. सामनेच्या दारानं जाच्या, मांगच्या दारानं आत याच्या. कोपरापावतर हात धुऊन, गिलोज घालून. मंग पोरगं रडलं का तसंच मांगून निघून बाकावर जाऊन बसाच्या. मले म्हणे, गिरजा, कोण्या पोरीले सांगशीन तं तुयी बदली करतो. मले कसं नाई मालूम? धुवाले तं मलेच लागत होतं. आखरी केस असली का गिलोजची एक जोडी जास्त निघे."

मी तिथेच पायरीवर बसले.

"तुया टायमाले तं," ती म्हणाली, "तू वरडली तवा त्यायचा एक पाय परद्याच्या बाहीर आला होता. मंग तुया चिमट्याचा आवाज आला. मंग त्यायनं पाय मांगं घेतला."

मी तिच्यावरच ओरडले, "एवढे वर्षं काहून नाही सांगितलं?"

"तू कधी इचारलं?" म्हणाली, आणि जेवायला लागली.

बाई, आधी मला काय वाटलं ते खरं खरं सांगते. मला चोरी झाल्यासारखं वाटलं. ती माझी एकटीची केस होती! प्रत्येक बॅचला मी ती गोष्ट सांगत आले, तीन हाका, दोन चिमटे, आणि आसपास कुणी नाही. आणि तुम्ही चार हातांवर उभ्या. लाज त्यानंतर आली. सही खरी होती. तुम्ही देखरेख केली होतीत. एक शब्द बोलला असतात तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं, पण मग खेड्यात निघालेल्या पुढच्या प्रत्येक मुलीला कळलं असतं की पडद्यामागे कुणी असतं. म्हणून तुम्ही माझ्याकडून सतरा वर्षं खोटारडी म्हणवून घेतलंत आणि वड्या तळल्यात.

आणि आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातंय. मी तुमच्यासारखीच बाहेर जायचे, बाई. पण मी खरोखर बाहेर जायचे. मुलीची शेवटची केस म्हटली की मी चहाला जायचे, स्टोअरमध्ये चादरी बघायला जायचे. एकदा रजेचा अर्ज द्यायला ऑफिसात गेले होते. मला वाटायचं, हीच बाईंची रीत, आणि पेढ्यांच्या दिवशी तुम्हाला वाटलं, हिला पडदा कळला. तीन वर्षांपूर्वी एका मुलीच्या केसला बाळ झाल्यावर रक्त थांबेना. आया पटांगण ओलांडून मला शोधत स्टोअरपर्यंत धावत आली. मी पोचले तेव्हा ती मुलगी रडत रडत बाळंतिणीचं पोट चोळत होती, जसं शिकवलं होतं तसंच. बाळंतीण वाचली. आणि मी त्या मुलीला सगळ्यांसमोर झाडलं. म्हटलं, "रडतेस काय? आमच्या बाई तर तीन हाका मारल्या तरी आल्या नव्हत्या." तुमचं नाव घेऊन म्हटलं. मग तिच्या केसबुकात देखरेखीच्या रकान्यात सही केली. तिच्या आणि आठ वर्षांतल्या सगळ्या मुलींच्या.

खोटी साक्ष कुणाची होती, ते आता तुम्हीच बघा.

गेल्या मंगळवारी सुनंदाची विसावी केस आली. सुनंदा कुहीकडची, शेतकऱ्याची मुलगी, जरा तोंडाळ आहे. मी तिला सांगितलं, मी बाहेर आहे, आणि मागच्या दाराने आत येऊन हात धुतले. आमच्या आताच्या आयाने डोळे विस्फारले, तिला मी बोटाने दटावलं. पडद्यामागे उभी राहिले तेव्हा कळलं की तिथून काहीच दिसत नाही. फटीतून मुलीची पाठ आणि कोपर, बस. मग हळूहळू कळलं की कोपर पुरे असतो. हात ओढतोय की नुसता धरून आहे, घाबरलाय की ठीक आहे, सगळं कोपरावरून समजतं. तुम्ही आम्हाला नेहमी "कोपर सैल ठेव" म्हणून का ओरडायच्या, ते मला वयाच्या पस्तिशीत समजलं.

बाळ सुरेख आलं, रडलं. मग वार यायची वाट बघायची. मला घड्याळ दिसत नव्हतं आणि एकेक मिनिट जाता जाईना. तेवढ्यात सुनंदा दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "मॅडम, वार अजून सुटून नाही राहिली!"

तुम्ही तीन हाकांना दाद दिली नव्हतीत. मी पहिल्याच हाकेला पडदा ढकलून बाहेर आले, ग्लोव्हज घातलेले दोन्ही हात वर धरून. सुनंदाचा एक हात बाईच्या पोटावर शांत होता, दुसरा स्वतःच्या गुडघ्यावर. ओढत नव्हती, घाबरली नव्हती. घड्याळात जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

"काहून आल्या मॅडम? मी तं फक्त सांगून राहिली होती."

पलंगावरची बाईसुद्धा हसली. थोड्या वेळाने वार आपली आपण आली, पूर्ण. सुनंदाने ती नीट तपासली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तुम्ही इथंच होत्या? मले वाटलं मी एकटीच करून राहिली." चेहरा असा पडला तिचा! मी म्हटलं, "एकटीनं कराले अख्खा जन्म पडला आहे वं तुले. गावात परद्यामागं कोणी नसते." तिला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या होस्टेलला कळलं होतं की मॅडम पडद्यामागे लपून बसतात. तुम्ही जे अख्खी नोकरी पोटात ठेवलंत ते माझ्याच्याने एक बाळंतपणभर टिकलं नाही. हसा, खुशाल हसा.

देखरेखीच्या रकान्यात मी सही केली. आठ वर्षांत पहिली खरी सही.

पण केसबुक अजून माझ्याच टेबलावर आहे, कारण खालचा शेवटचा शेरा लिहायचा राहिला आहे. ही मुलगी एकटी कामाला लागण्यास योग्य आहे, असं मी लिहायचं की तिची आणखी एक केस बघायची? ती तयार होती, पाय माझेच डळमळले. पण तिला अडचणीत एकटं सापडताना मी पाहिलंच नाही, मीच पाहू दिलं नाही. तिच्या पुढे जी गावं आहेत तिथल्या बायांचा जीव या एका शेऱ्यावर आहे. हे विचारायला मी तुमच्याकडेच आले असते. तुम्ही आधी चहा पाजला असतात, मग सांगितलं असतं.

चार दिवस मी तुम्हाला विचारते आहे. वॉर्डात जाताना, डबा खाताना. आणि आज दुपारी, ते पान उघडं ठेवून, खोलीत कुणी नाही बघून मी खरंच मोठ्याने हाक मारली, "बाई!"

त्या दिवशी तुम्ही मला एकटीला सोडून गेला नव्हतात. आता गेलात. मी पेन उचललं आणि शेरा माझा मीच लिहिला.